कपाटाचं डावं अंग

॥ श्रीनागनाथ प्रसन्न ॥

डोंगरकडा,
कार्तिक वद्य ४, शके १८५८

बापाला कागद लिहितीस आणि मला न्हाई, ही कुठली रीत काढलीस पोरी? तुला सिकंदराबादेच्या दवाखान्यात शिकायला धाडायला या घरात कोण भांडलं? तुझा बाप का? तो तर गाडी सुटेस्तोवर टेसनात तोंड फिरवून उभा होता. आणि कागद त्याच्या नावाचा आला तरी त्याला अक्षर येतं कुठं? वाचावा मलाच लागला. ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून राहिले होते. इंग्रजी जमत न्हाई, संक्रांतीच्या पुढं परीक्षा हाये, नापास झाले तर न्यायला या, हे माझ्याच तोंडातून निघून गेलं. आधी नजर टाकली असती तर ती ओळ गिळली असती.

चि. पारू हीस मंजुळा आजीचे आशीर्वाद. इकडं समदे बरे. तुझ्या मायचा खोकला गेला, बोलणं तेवढं वाढलं.

तुझ्या बापाला तर हर्षच झाला. तो त्याच दिवशी डोकीला पागोटं बांधून किसनरावाकडं निरोप देऊन आला की पोरगी बहुतेक माघारी येईल, माघात पाट लावून टाकू. किसनराव माणूस वाईट न्हाई. बायको गेली त्याची, चार लेकरं हायेत, जमीन काळी हाये. पण जेवताना असा आवाज करतो की म्हशीनं गव्हाण चाटावी. तुला त्याच्या घरी जायचं असंल तर जा, मी अडवणार न्हाई. पण जायचं तर जायचं म्हणून जा, इंग्रजी आलं न्हाई म्हणून जाऊ नको. तुझ्या बापानं माझ्यापाशी कबूल केलंय, पास झालीस तर तिथंच राहशील.

आता मला बराबर लिही. काय जमत न्हाई? तुझं डोकं तर बरं होतं. हिंगोलीला मामाकडं राहून चार बुकं शिकलीस, ते का पाण्यात गेलं? ती मेट्रणबाई काय विचारती, तू काय सांगतीस, समदं लिही. मला वेलांट्या जमत न्हाईत, समजून वाच. लोभ असू दे, आणि कागद माझ्या नावानं टाक.

तुझी आजी
मंजुळा

*

सिकंदराबाद,
८ डिसेंबर १९३६

ती. स्व. आजीस,
पारूचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझा राग पोचला. आबांना लिहिलं कारण तुला लिहायची लाज वाटली. इथल्या हरिचंदमामांनी रेल्वेच्या साहेबाच्या हातापाया पडून मला इथं घातलं, तू भांडलीस, आणि मी इथं येऊन चुकीच्या जागी हात घालते आहे.

आजी, आमची मेट्रनबाई विलायतेची. तिला मराठी येत नाही, उर्दू दोन शब्द येतात तेही रागावल्यावर. सगळे हुकूम इंग्रजीत. औषधांची नावं मला पाठ झाली. ताप, नाडी, पट्टी, सगळं येतं. अडतं ते कुठं काय आहे यात. कपाटाच्या लेफ्टला बाटली आहे ती आण. खाटेच्या राइटला उभी राहा. अंडर म्हणजे खाली, बिहाइंड म्हणजे मागं, नेक्स्ट टू म्हणजे शेजारी, ऑपोझिट म्हणजे समोरासमोर. हे आम्हाला एक सिस्टर शिकवते. शिकायच्या खोलीत माझ्याइतकं भराभर कुणी सांगत नाही. मावळतीला खिडकी आहे, तिकडं लेफ्ट. उगवतीला दार आहे, तिकडं राइट. सिस्टर विचारते आणि मी बोट करते, एकदाही चुकले नाही. पण वॉर्डात पाऊल टाकलं की सगळं उलटं होतं. कधी बरोबर येतं, कधी नाही, आणि का ते मला कळत नाही. सिस्टर म्हणते मी घाबरते. मी घाबरत नाही, आजी. मला खात्री असते, आणि खात्रीनं मी चुकते.

परवा तर हसं झालं. नांदेडकडची एक म्हातारी आहे, नानीबाई. मेल्याशिवाय उत्तरेला डोकं करून झोपणार नाही म्हणते, म्हणून ती खाटेवर उलटी झोपते, उशी पायथ्याला घेऊन, आणि जखम पोटरीला आहे म्हणून पालथी. मेट्रननं मला तिच्या लेफ्ट पायाची पट्टी बदलायला सांगितलं. मी चांगला पाय सोडून बसले. नानीबाई म्हणाली की लेकी, त्या पायानं तुझं काय वाकडं केलंय, दुखतो तो इकडं आहे. सगळा वॉर्ड हसला. मेट्रन हसली नाही. तिनं सांगितलं की चुकीचा पाय आज पट्टीपुरता आहे, उद्या चिमटा-कात्रीपुरता असेल, आणि संक्रांतीनंतरच्या सोमवारी ती स्वतः माझी परीक्षा घेईल. तिचं खोटं नाही.

मला इथंच राहायचं आहे, आजी. इथं कुणी मला पांढऱ्या पायाची म्हणत नाही. गेल्या आठवड्यात रात्रपाळीत एक लेकरू जन्मलं, ते पुसायला माझ्याकडं दिलं. नवरा गेल्यापासून गावात मला बारशाला सुद्धा पुढं बसू देत नव्हते. मायला आणि आबांना नमस्कार सांग. कृपा आहेच, ती कमी करू नये.

तुझी
पारू

*

॥ श्रीनागनाथ प्रसन्न ॥

डोंगरकडा,
मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८५८

चि. पारू हीस आशीर्वाद विशेष.

पाय पांढरे असले तर तिथल्या फरशीवर धुऊन घे, इथलं कशाला उगाळून राहिलीस? लेकरू पुसायला दिलं म्हणतीस, मुलगा का मुलगी ते लिहिलं न्हाई. अर्धी बातमी लिहायची खोड तुझ्या मायची.

तुझा कागद आल्यापासून मला त्या इंग्रजीचं याडच लागलंय. तू लिहिलेले शब्द मी चुलीपाशी कोळशानं भिंतीवर मांडले. तुझ्या मायला म्हणलं, आशाबाई, अंडर द कणगी काय हाये ते पाहा. ती म्हणली उंदीर. म्हणलं बिहाइंड द कणगी? म्हणली तिथं बी उंदीरच. आता घरात कुणी सरळ बोलत न्हाई. काल तुझ्या बापानं तांब्या मागितला, मी म्हणलं नेक्स्ट टू रांजण. जेवण सोडून उठला. मग तांब्या घेऊन गुमान आला, म्हणजे समजलं म्हणायचं. जिवनबाई शेजारीण रोज विचारून जाती की आज नवा शब्द कोणता. तिला मी ऑपोझिट सांगितला. तिच्या दारासमोर तिच्या जावेचं दार हाये, तेव्हापासून ती जावेला ऑपोझिटच म्हणती.

पण एक मला बी उमगलं न्हाई. हात डावा असतो, उजवा असतो, हे समजलं. कपाटाला डावं अंग कुठलं? कपाट का जेवतं? आपण म्हणतो, मावळतीच्या कोनाड्यात तेलाची शिशी हाये. रांजणाच्या उगवतीला घडवंची हाये. कुणी म्हणतं का घडवंची रांजणाच्या उजव्या अंगाला हाये म्हणून? विलायतेत सूर्य दिसत न्हाई म्हणतात, म्हणून ते लोक हाताचं नाव जागेला देत असतील. तू खिडकीची खूण धरलीस ते बरंच केलं. घोक अजून.

किसनराव येऊन गेला. संग बहीण होती. त्यानं एकच विचारलं, संक्रांत झाली की कळंल का. तुझा बाप म्हणला व्हय. बहिणीनं इथल्या भिंती मोजल्यासारख्या पाहिल्या आणि पोरीला शिवणं येतं का म्हणून विचारलं. मी म्हणलं, माणूस शिवायला शिकून राहिली.

घरात दुसरी तकलीफ हाये ती बैलाची. आपला मोगऱ्या पोळ्याच्या मागं गेला ते तुला ठावंच हाये, तूच त्याला लहानपणी पेंड चारलीस. त्याच्या जागी तुझ्या बापानं तांड्यावरच्या शंकरसिंगाकडून चांद्या आणला. बैल देखणा हाये, शिंगं कशी कोरल्यावानी. शंकरसिंगानं तीनदा सांगितलं की उजव्या खांद्याचा हाये, डावीकडं चालणार न्हाई. पण आपला हौश्या बी उजव्या खांद्याचाच, मग चांद्याला डावीकडं जुंपला. तुझा बाप म्हणला, बैलच हाये, शिकंल. दिवस उगवताना रानाकडं निघाले तर चांद्या जुवाखालून मान काढून हौश्याच्या पल्याड जाऊन उभा. तुझा बाप म्हणला सूर्य डोळ्यावर येतो म्हणून बिचकतो. मग गाडीचं तोंड गावाकडं फिरवून जुंपला. तरी तेच. मी म्हणलं, आरं येड्या, बैलाला उगवती-मावळतीचं काय? त्याचा उजवा खांदा रानात जाताना उजवा आणि घरी येताना बी उजवाच. गाडी फिरली म्हणून खांदा फिरतो का? ऐकंल तर तुझा बाप कसला. जू मोडलं, आता सुताराकडं बसलाय.

तू अभ्यास कर. कमी झोप. हरिचंदाला सांग माझ्या नावाचा एक कागद त्यानं बी टाकावा, म्हातारीला मेली समजतो का? माया हाये ती जपून वापर.

तुझी आजी
मंजुळा

*

सिकंदराबाद,
२८ डिसेंबर १९३६

ती. स्व. आजीस,
पारूचा सा. नमस्कार वि. वि.

आजी, सापडलं. तुझं पत्र जेवणाच्या घंटेच्या आधी आलं आणि मी जेवायला गेलेच नाही. चांद्याचं वाचून हसले, पान उलटलं, आणि परत मागं येऊन तेच वाचलं. गाडी फिरली म्हणून खांदा फिरतो का. मी तशीच उठून शिकायच्या खोलीत गेले. खिडकीकडं पाहिलं. मग पाठ फिरवून उभी राहिले.

अगं, मी इतके दिवस खिडकीलाच लेफ्ट म्हणत होते. त्या खोलीत आमची तोंडं उत्तरेला असतात, म्हणून मावळती आमच्या डाव्या हाताला येते, आणि मी समजले की लेफ्ट हे मावळतीचंच इंग्रजी नाव. वॉर्डात खाटांच्या दोन रांगा आहेत. एका रांगेकडं वळलं की तोंड उत्तरेला, दुसरीकडं वळलं की दक्षिणेला. उत्तरेच्या रांगेत माझं सगळं बरोबर यायचं आणि दक्षिणेच्या रांगेत सगळं उलटं. म्हणून कधी जमायचं, कधी नाही. आबांनी चांद्यावर जे केलं तेच मी स्वतःवर करत होते.

आता मी मानेवर जू घेऊन चालते. खरं नाही, मनातलं. राइटला आपला हौश्या, लेफ्टला मोगऱ्या. मी फिरले की दोघंही फिरतात. व्हरांड्यातून तशी येरझारा घालत होते तर स्वयंपाकीणबाईनं पाहिलं. तिनं सिस्टरला जाऊन सांगितलं की ती परभणीकडची मुलगी एकटीच वळणं घेते आणि चुचकारते. सिस्टर धावत आली. मी तिला सगळं सांगितलं. ती पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली, पण मग गंभीर झाली आणि म्हणाली की तिनं आम्हाला खोलीत एकाच जागी बसवून शिकवलं हे काही बरं केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या बाकांची तोंडं दाराकडं केली. आंध्राकडची एक मुलगी त्या दिवशी माझ्यासारखीच चुकली, म्हणजे मी एकटी नव्हते.

तुझ्या कपाटाचंही विचारलं. सिस्टर म्हणाली की कपाटाला स्वतःचं डावं-उजवं नसतं, ते पाहणाऱ्याकडून उसनं घेतं. पण माणसाचं तसं नाही. आजारी बाईचा लेफ्ट पाय म्हणजे तिचा डावा, मी कुठूनही पाहिलं तरी. म्हणजे जू तिच्या मानेवर ठेवायचं, माझ्या नाही. तोंड कुणाचं हे आधी पाहायचं. एवढंच आहे, आजी, आणि यासाठी मी महिनाभर उशी भिजवली.

अजून भीती आहेच. खोलीत कळतं, पण मेट्रन समोर उभी राहिली की बैल उधळतात. लेकरू मुलगी होती. हरिचंदमामांना तुझा निरोप दिला. लोभ असावा हे सांगायला नको.

तुझी
पारू

*

॥ श्रीनागनाथ प्रसन्न ॥

डोंगरकडा,
मार्गशीर्ष वद्य ७, शके १८५८

चि. पारू हीस आशीर्वाद.

शिकवायला सिस्टर, पगार सिस्टरला, आणि शिकवलं कुणी तर चांद्यानं. ते बी जू मोडून. तुझ्या बापाला वाचून दाखवलं. म्हणला, म्हणजे बैल घेतला ते बरंच झालं की. अशा माणसाशी काय बोलावं?

मी आणि जिवनबाई रोज अंगणात जू घेऊन चालतो. म्हणजे तुझ्यावानीच, मनातलं. ती वळताना चुकती, तिच्या बैलांना पेंड कमी पडती. मी चुकत न्हाई. मागल्या कागदात खिडकीची खूण घोक म्हणले होते, ते आता करू नको.

तिळाचे लाडू हिंगोलीच्या गाडीनं येणाऱ्या माणसासंग धाडून राहिले. परीक्षेच्या आधी खायचे न्हाईत, तोंड चिकटतं. बैल उधळले तर कासरा ओढायचा न्हाई, ढिला सोडायचा आणि नाव घेऊन बोलायचं. हे मोगऱ्याला चारताना तूच करत होतीस. मेट्रणबाईला खायचा लाडू द्यायचा तर निकाल लागल्यावर दे, न्हाईतर लोक म्हणतील लाडवावर पास झाली.

तुझी आजी
मंजुळा

*

सिकंदराबाद,
१९ जानेवारी १९३७

ती. स्व. आजीस,
पारूचा सा. नमस्कार वि. वि.

पास. आधी तेवढं वाच आणि आबांना ऐकव, बाकीचं सावकाश.

मेट्रनबाई काल सकाळी वॉर्डात आली, संगं मोठी डॉक्टरीण. मला मधोमध उभं केलं. पहिला हुकूम, दाराच्या ऑपोझिट टेबलावरून पाणी आण. आजी, मी दाराच्या शेजारच्या टेबलावरून आणलं. ऑपोझिट. जिवनबाईंच्या जावेचा शब्द. भिंतीवर तुझ्या कोळशानं लिहिलेला, आणि तोच हरवला. मेट्रननं नुसती मान हलवली. बैल दोन्हीकडं पळाले.

मग तू सांगितलेलं आठवलं. कासरा ढिला सोडला. मोगऱ्याचं नाव घेतलं, हौश्याचं घेतलं. पुढचा हुकूम आला की दक्षिणेच्या रांगेत, म्हणजे तिनं दक्षिण म्हटलं नाही, मीच म्हणते, राइटकडून तिसऱ्या खाटेच्या अंडर जे भांडं आहे ते आण. मी वळले, दोघं माझ्याबरोबर वळले, आणि भांडं हातात आलं. मग कपाटाच्या लेफ्टची बाटली. कपाटाला उसनं दिलं आणि आणली. मग शेवटचा. नानीबाईचा लेफ्ट पाय.

नानीबाई अजून उलटी आणि पालथीच झोपते. मी आधी तिचं डोकं आणि तोंड कुठं आहे ते पाहिलं, तिच्या मानेवर जू ठेवलं, आणि बैल जागेवर यावेत म्हणून माझ्या तोंडून चुचकारणं निघून गेलं. मोठ्यानं. मग बरोबर पायापाशी बसून पट्टी सोडली. नानीबाई म्हणाली की आज लेकीला पाय ओळखू आला.

मेट्रननं विचारलं की तो आवाज कसला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडं बैल असे वळवतात, आणि मीही अशीच वळते. डॉक्टरीणबाईनं खाली मान घातली, तिचे खांदे हलत होते. मेट्रननं मात्र बैलांची नावं विचारली. मी सांगितली. तिनं दोन्ही म्हणून पाहिली, हौश्या तिला जमलं नाही. मग म्हणाली की ऑपोझिट पुन्हा शीक, आणि शनिवारी नर्सची टोपी घेऊन जा. आता इथंच शिकायचं, तीन वर्षं, आजी. लाडू दोघींना दिला, निकालानंतर.

आबांना माझा नमस्कार सांग आणि ते काय म्हणतात ते लिही. तुझा लोभ आहे तो आहेच.

तुझी
पारू

*

॥ श्रीनागनाथ प्रसन्न ॥

डोंगरकडा,
पौष शुद्ध १३, शके १८५८

चि. पारू हीस अनेक आशीर्वाद.

तुझा कागद ओट्यावर वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचून राहिले तर जिवनबाई मधीच रडायला लागली आणि कुणाला काही ऐकू आलं न्हाई. मी रडले न्हाई. तुझी माय रडली, पण ती कांदा चिरत होती असं म्हणती. तुझ्या बापानं कान कोरत ऐकलं. पट्टीपाशी आले तेव्हा काडी कानातच राहिली. मग उठून गोठ्यात गेला आणि हौश्याच्या पाठीवर बराच येळ हात फिरवून राहिला होता. तुला बोलून दाखवणार न्हाई तो, म्हणून मी लिहिलं.

चांद्याला शंकरसिंग घेऊन गेला. त्याच्या जागी डाव्या खांद्याचा एक दिला, रंगानं तांबडा, चालायला गरीब. शंकरसिंग हसत म्हणला की सांगितलं होतं ते ऐकलं असतं तर सुताराचा धंदा बसला असता. तांबड्याचं नाव तुझ्या मायनं लेफ्ट ठेवलं. हाक मारली की कान हलवतो. हौश्याचं नाव बदललं न्हाई, त्याला आता या वयात इंग्रजी कशाला.

आता कामाचं. काल किसनरावाचा माणूस येऊन गेला. निरोप असा की पोरगी पास झाली ते ऐकलं, आनंद हाये, मी तीन वर्षं थांबायला बी तयार हाये, फक्त आत्ता व्हय म्हणा. तुझ्या बापानं मान हलवायला सुरुवात केली होती. कबूल केलेलं मोडलं न्हाई म्हणतो, तिथं राहू दिलंच की, नुसता शब्द द्यायला काय जातं? मी म्हणलं थांब. मान तुझी हाये, पण जू कुणाच्या मानेवर बसायचं हाये? तुझीच पोरगी लिहिती, तोंड कुणाचं ते आधी पाहायचं. त्यानं मान थांबवली. माणसाला चहा पाजून रिकामा धाडला.

मला तुझं काय उत्तर हाये ते ठावं न्हाई आणि मी विचारून बी राहिले न्हाई. व्हय असंल तर व्हय, न्हाई असंल तर न्हाई. आजवर या घरात असल्या निरोपाला बाईनं उत्तर दिलेलं न्हाई, मी बी दिलं न्हाई. माझ्या वेळी बापानं दिलं आणि मला गाडीत बसवल्यावर कळलं. तवा हे नीट वाच. किसनरावाला उत्तर तुझ्या बापानं द्यायचं न्हाई, मी द्यायचं न्हाई, हरिचंदानं तर तोंडच घालायचं न्हाई. तू लिहायचं. तुझ्या हातानं, थेट त्याच्या नावानं. त्याच्यापाशी वाचणारा नसला तर कागद मी वाचून दाखवीन, एक ओळ न गिळता.

तुझी आजी
मंजुळा